इमिटेटर बेडूक पुण्यात सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कुठला बेडूक?

शास्त्रीय नाव रॅनिटोमेया इमिटेटर. पाळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘इमिटेटर’. विषारी बाण-बेडकांच्या डेन्ड्रोबॅटिडी कुळातली ही अगदी छोटी जात. पूर्ण वाढलेला बेडूक जेमतेम दोन सेंटिमीटरचा, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या नखावर बसेल एवढा. मूळचा पेरू देशातल्या अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावरचा, तारापोतो आणि हुआयागा नदीच्या आसपासच्या जंगलांतला. १९८६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं.

नावातच नक्कल आहे. एकच जात, पण दर खोऱ्यात वेगळ्या रंगाची. एका भागात पिवळ्या-काळ्या उभ्या पट्ट्या आणि निळसर जाळीदार पाय, दुसरीकडे हिरवट अंगावर काळे ठिपके, तिसरीकडे नारिंगी-काळे आडवे पट्टे, तर वाराडेरो भागात लालसर डोकं. प्रत्येक ठिकाणी तो तिथल्या शेजारच्या दुसऱ्या विषारी जातीसारखा दिसतो. दोघंही कडू, दोघांचा गणवेश एकच. त्यामुळे पक्ष्याला धडा एकदाच शिकावा लागतो आणि फायदा दोघांना होतो.

विषारी म्हणता, आणि घरात लहान मूल आहे. धोका किती?

काचपेटीत जन्मलेल्या इमिटेटरपासून विषबाधेचा धोका नाही. या बेडकांचं विष त्यांच्या अंगात तयार होत नाही, ते अन्नातून येतं. जंगलातले कोळीकीटक (माइट, पिठाच्या कणासारखे बारीक जीव), मुंग्या, छोटे भुंगे, वाणी असे जीव खाल्ले की त्यांच्यातली अल्कलॉइड द्रव्यं बेडकाच्या कातडीतल्या ग्रंथींत साठतात. चिलटांवर वाढलेल्या बेडकाला साठवायला काही मिळतच नाही. जंगलातून पकडून आणलेल्या बेडकाचं विष मात्र बराच काळ टिकतं. तसा बेडूक घेऊ नये याचं हे एक कारण, आणि तेही दुय्यम.

फुंकनळीच्या बाणांना विष लावायला कोलंबियातले एम्बेरा लोक फायलोबेटिस वंशातल्या मोजक्या तीन जाती वापरत. त्यातल्याच सोनेरी रंगाच्या जातीत बॅट्राकोटॉक्सिन हे जीवघेणं विष असतं. इमिटेटरचा त्या बाणांशी काही संबंध नाही. वर्तमानपत्रात ‘जगातला सर्वांत विषारी बेडूक’ म्हणून फोटो छापतात तो हा नव्हे.

खरा धोका उलट्या बाजूने असतो. मुलाच्या हातावरचा साबण, सॅनिटायझर, मीठ आणि मच्छर पळवायचं मलम बेडकाच्या कातडीतून थेट आत जातं. मुलांना बघू द्या, पेटीवर टकटक करू देऊ नका, झाकण उघडू देऊ नका.

कायद्याने चालतो का?

चालतो, पण कागदांशिवाय नाही. हे बेडूक १९८७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्सच्या यादीतल्या परदेशी जाती तिच्या अनुसूची ४ मध्ये आल्या. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. पुढे पिल्लं झाली, बेडूक मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं. महाराष्ट्रात हा विषय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे, म्हणजे नागपूरला जातो.

परदेशातून आणायचा तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना, मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र, निर्यात करणाऱ्या देशाचा साइट्स परवाना आणि क्वारंटाइन एवढं सगळं लागतं. घरगुती माणसाच्या आवाक्यातली वाट एकच: भारतात जन्मलेला, नोंदणी असलेला बेडूक, आणि देणाऱ्याच्या नोंदीची प्रत आपल्या हातात. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. नियम आणि अर्जांचे नमुने बदलतात, म्हणून पैसे देण्याआधी पोर्टल स्वतः उघडून बघा.

पुण्याची हवा मानवते का?

जून ते फेब्रुवारी बऱ्यापैकी. मार्च ते मे अजिबात नाही.

इमिटेटरला २१ ते २६ अंश सेल्सिअस लागतं. रात्री १८ पर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. २९ च्या वर तो खाणं सोडतो आणि पानाखाली दडून बसतो. ३२ च्या आसपास काही तास गेले तर मरतो. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८-३९ अंश सहज होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी चटका जाणवतो. त्यातच हवा कोरडी: मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. बेडकाला ७० ते ९० टक्के हवी.

पावसाळा सोपा. खोलीचं तापमान आपोआप २४-२७ वर येतं. तेव्हाची अडचण वेगळीच: हवा दमट असताना पेटीही बंद ठेवली की काचेवर दिवसभर पाणी साचतं, माती कुजते, आंबूस वास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये फवारणी निम्म्यावर आणा आणि झाकणावरची जाळीची पट्टी जास्त उघडी ठेवा. पानांचा पृष्ठभाग दिवसातून एकदा तरी सुकला पाहिजे.

हिवाळ्यात बाहेर पारा दहाच्या खाली गेला तरी बंद घरात सहसा १८-२० राहतं. हीटर नको. पेटी खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवली की भागतं.

मग उन्हाळा कसा काढायचा?

सगळ्यात आधी जागा. घरातली सर्वांत थंड खोली, शक्यतो पूर्व किंवा उत्तरेची, तळमजल्याकडची. पेटी जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, माळ्यावर कधीच नको. दिवे पहाटे पाचला सुरू आणि दुपारी तीनला बंद होतील असा टायमर लावा, म्हणजे दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकावर एक चढत नाही.

दुसरा उपाय पंखा. संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा, अडॅप्टर आणि तापमानावर चालू-बंद होणारा कंट्रोलर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. पंखा जाळीवर बाहेरून बसवा, हवा बाहेर ओढणारा. कंट्रोलर २७ ला सुरू आणि २५.५ ला बंद. पुण्याच्या कोरड्या हवेत ओल्या पेटीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि तीन-चार अंशांचा फरक पडतो. पण तेवढ्याच झपाट्याने पानांचा थर वाळतो. म्हणून पंखा चालू असेल त्या दिवसांत फवारे चारऐवजी सहा, प्रत्येक २०-३० सेकंदांचा.

पंख्याने खोलीपेक्षा तीन-चार अंशच उतरतात हे ध्यानात घ्या. खोली ३६ वर असेल तर पेटी ३२ वर, म्हणजे बेडूक धोक्यात. एप्रिल-मेमध्ये एसी असलेली खोली लागते, २५-२६ वर. ती सोय नसेल तर हा बेडूक घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

वीज गेली तर? फ्रीझरमध्ये एक लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा. वीज गेल्यावर तासाभरात परत आली नाही, तर बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या झाकणावर, एका कडेला ठेवा. पेटीच्या आत ठेवू नका, बर्फाला चिकटून बेडूक गारठतो. लांबलं तर बेडूक ओल्या शेवाळासह डबीत घालून डबी थर्माकोलच्या खोक्यात, बाटलीपासून हातभर अंतरावर.

पेटी किती मोठी आणि आत काय भरायचं?

एका जोडीला ४५ × ४५ × ६० सेंटिमीटर, उंची जास्त. हा बेडूक चढतो, जमिनीपेक्षा पानांच्या बेचक्यात जास्त राहतो.

तळाशी चार-पाच सेंटिमीटर क्ले बॉलचा (भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा) थर, त्यात खालपर्यंत पोचेल अशी एक उभी नळी. साचलेलं पाणी मोठ्या सिरिंजने त्या नळीतून ओढून काढता येतं. त्यावर फायबरची बारीक जाळी. जाळीवर सहा सेंटिमीटर माती, पण बागेतली माती नाही. अटलांटा बोटॅनिकल गार्डनचं जुनं मिश्रण जगभर वापरतात: ट्री-फर्नचा काथ्या दोन भाग, ऑर्किडसाठीची साल दोन भाग, पीट, कोळसा आणि स्फॅग्नम शेवाळ एकेक भाग. ट्री-फर्न आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याच्या जागी नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे आणि पीटच्या जागी कोकोपीट घ्या. दोन्ही बादलीत तीन-चार वेळा पाणी बदलून धुवा, कारण नारळाच्या मालात मीठ असतं.

कोळसा इस्त्रीवाल्याकडचा चालतो, लाकडी आणि रॉकेलचा वास नसलेला. हरभऱ्याएवढे तुकडे करा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मग दहा मिनिटं उकळा.

सगळ्यात वर पानं. पुण्यातल्या रस्त्यांवर देशी बदामाची झाडं भरपूर आहेत. आपणहून गळलेली लाल-तपकिरी पानं उचला, किडकी आणि औषध मारलेली टाळा, पाच मिनिटं उकळा, उन्हात वाळवा. पेरू आणि फणसाचीही चालतात. थर तीन सेंटिमीटर. या पानांखालीच स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) राहतात आणि बेडूक दिवसभर तिथेच टिपत फिरतो.

झाडांत निओरेजेलिया वंशातली छोटी ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली, पानांच्या बेचक्यात पाणी साठवणारी झाडं) दोन-तीन, वेलात मनीप्लांटपेक्षा बारीक पानाचा फायकस. नर्सरीतल्या झाडाला कीटकनाशक मारलेलं असणारच असं धरा: मुळं मोकळी करून धुवा, सगळी माती काढा, आणि झाड महिनाभर वेगळं ठेवून मगच पेटीत लावा.

झाकण काचेचं, मागच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटरची स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, चिलटं तिच्यातून चालत बाहेर येतात.

पाणी कुठलं वापरू?

फवाऱ्यासाठी आरओचं. बोअर किंवा टँकरचं पाणी जड असतं, काचेवर पांढरे डाग पडतात आणि महिन्याभरात फवाऱ्याची तोंडं बुजतात. टॅडपोलसाठी, म्हणजे पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांसाठी, नुसतं आरओ नको. क्लोरीन काढणारं औषध घातलेलं नळाचं पाणी एक भाग आणि आरओ एक भाग, त्यात बदामाचं अर्धं पान एक दिवस भिजवून ठेवा. पाण्याला फिक्या चहाचा रंग आला की झालं.

खायला काय देतात?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. इमिटेटर उपाशी मरतो तो बहुतेक वेळा पैशाअभावी किंवा दुर्लक्षाने नाही, तर त्याचं खाद्य असलेल्या चिलटांची बरणी त्या आठवड्यात बसली, म्हणजे तिच्यात चिलटं निघालीच नाहीत, म्हणून. त्याच्या तोंडात मावेल एवढं छोटं खाद्य दुकानात मिळत नाही. म्हणून आमचा नियम: आधी सलग दोन महिने चिलटं यशस्वीपणे वाढवा, मगच बेडकाचा विचार करा. दोन महिन्यांत चार-पाच पिढ्या होतात आणि एखादी बरणी फसतेच. ती का फसली हे कळलं की तयारी झाली.

केळ्यावर घोंगावतात त्याच जातीची चिलटं, फक्त खुरट्या पंखांची. प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत आनुवंशिकता शिकवायला हीच वापरतात. एका मोठ्या बेडकाला दिवसाला साधारण २० ते ३० लागतात. जोडीसाठी दर आठवड्याला दोन बरण्या लावा, एक वापरायला आणि एक हाताशी.

सहा बरण्यांचं खाद्य असं करा. ३५० मिली पाण्यात ४ ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. वेगळ्या भांड्यात १५० मिली गार पाण्यात ४० ग्रॅम मक्याचं पीठ गुठळ्या न ठेवता कालवा. पिवळं मक्याचं पीठ घ्या. कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी पूड म्हणजे नुसता स्टार्च, त्यावर अळ्या वाढत नाहीत. हे मिश्रण, ४० ग्रॅम किसलेला गूळ आणि १० ग्रॅम ड्राय यीस्ट उकळत्या पाण्यात घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत राहा, पिठल्याइतपत दाट होईल. गॅस बंद करा. भांड्याला क्षणभर हात लावता येईल इतकं निवलं की २० मिली पांढरं व्हिनेगर घाला, ते बुरशी रोखतं. उकळत्यात घातलं तर उडून जातं. अर्ध्या लिटरच्या स्वच्छ बरण्यांत दीड-दोन बोटं थर ओता.

बरण्या पातळ कापडाने झाकून रात्रभर तशाच ठेवा. लगेच झाकण लावलं तर आत थेंब धरतात आणि चिलटं बुडतात. दुसऱ्या दिवशी यीस्टचे आठ-दहा दाणे वर भुरभुरा, चुरगळलेला तपकिरी कागद चढण्यासाठी उभा खोचा आणि ५०-६० चिलटं सोडा. तोंडावर घट्ट विणीचं कापड आणि रबरबँड. बरणीवर तारीख लिहा. २५ अंशांना दहा-बारा दिवसांत नवी चिलटं निघतात. तीस दिवसांनंतर बरणीत कितीही चिलटं दिसोत, ती फ्रीझरमध्ये एक दिवस ठेवून टाकून द्या.

बरणी का बसते?

उष्णता. ३० अंशांच्या आसपास नर चिलटं वांझ होतात, अंडी घातली जातात पण अळ्याच निघत नाहीत. बरण्या बेडकाच्याच खोलीत ठेवा, स्वयंपाकघरात नको.

उष्णतेचा आणखी एक परिणाम माहीत नसला तर माणूस गोंधळतो. खुरट्या पंखांचा हा गुण तापमानावर अवलंबून आहे. अळी २९-३० अंशांत वाढली तर चिलटाचे पंख लांब येतात. मे महिन्यात ‘माझी चिलटं उडायला लागली’ अशी तक्रार येते ती यामुळे. पुढची पिढी गार जागी वाढवली की पंख पुन्हा खुरटे.

पण उडणारी चिलटं निघण्याचं दुसरं कारण रानटी चिलट आत शिरणं हेही असतं, आणि ते गार जागेत जाऊन सुटत नाही. खुरट्या पंखांचा गुण अप्रभावी आहे, त्यामुळे रानटी चिलटाशी संकर झाला की सगळी पिल्लं पंखवाली. आंब्याच्या दिवसांत घरात रानटी चिलटं भरपूर असतात. बरणी उघडताना फळांची टोपली दुसऱ्या खोलीत न्या. संकर झालेली बरणी सरळ टाका, तिच्यातलं एकही चिलट पुढच्या बरणीत नको.

मग कोळीकीटक. कापडाच्या कडेला पिठासारखी हलणारी पूड दिसली तर तेच. बरण्या साबणाच्या पाण्याच्या ताटात, उलट्या वाटीवर ठेवा. त्याने मुंग्याही थांबतात. नवी बरणी लावताना चिलटं नेहमी तरुण बरणीतली घ्या, जुनीतली नाही.

हिरवी बुरशी आली तर चिलटं कमी सोडली होती किंवा यीस्ट कमी पडलं. खाद्य पातळ होऊन आंबट वास येत असेल तर अळ्या फार झाल्यात, कागदाचा आणखी एक तुकडा खोचा.

चिलटं तशीच द्यायची का?

नाही, पावडर लावून. कोरड्या ग्लासात चिमूटभर पावडर, त्यात चिलटं झटका, ग्लास गोल फिरवा. चिलटं पिठात घोळल्यासारखी पांढरी दिसली की पेटीत टाका. रोज कॅल्शियम आणि डी-३ असलेली, दोन आठवड्यांतून एकदा अ जीवनसत्त्व असलेली. अ जीवनसत्त्व रेटिनॉल या रूपात हवं. कमी पडलं की अंडी पांढरी पडून सडतात. जास्तही देऊ नये. डबा उघडला की तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा, सहा महिन्यांनी नवा घ्या. दमट हवेत गुठळ्या झालेली पावडर चिलटाला चिकटत नाही.

सकाळी द्या. अर्ध्या-पाऊण तासाने आत फार चिलटं हिंडताना दिसली तर उद्या कमी. उरलेली चिलटं अंगावरची पावडर झटकून टाकतात, आणि रात्री झोपलेल्या बेडकावर चढून त्याला त्रास देतात.

स्प्रिंगटेल वेगळी वाढवा: डब्यात धुतलेला कोळसा, तळाला बोटभर पाणी, वर तांदळाचे चार दाणे. फुंकर मारली की टुणटुण उड्या मारतात.

मच्छरांची कॉइल किंवा मशीन चालतं का?

त्या खोलीत नाही, आणि ज्या खोलीची हवा तिथे येते तिथेही नाही. कॉइल, मशीनमधलं द्रव, झुरळांचा स्प्रे या सगळ्यांत कीटक मारणारी पायरेथ्रॉइड द्रव्यं असतात. आधी बरण्या जातात, मग बेडूक. पायाला आकडी आल्यासारखा ताणतो, उताणा पडतो. खिडकीला जाळी बसवा.

सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल किंवा डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी होणार असेल, तर त्या दिवशी खिडक्या बंद, झाकणाच्या जाळीवर ओला पंचा, आणि बरण्या बंद कपाटात. उदबत्ती आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूरही त्यात धरा.

किती बेडूक एकत्र ठेवता येतात?

दोन. एक नर, एक मादी. माद्या एकमेकींची अंडी खातात, नर एकमेकांना पिटाळतात. हरलेला बेडूक कोपऱ्यात बसून हळूहळू वाळतो आणि मालकाला वाटतं, आजारी आहे. दुसऱ्या जातीसोबत किंवा दुसऱ्या रंगाच्या इमिटेटरसोबतही ठेवू नका. संकर झाला की पेरूतल्या कुठल्या खोऱ्याचा बेडूक ही ओळख कायमची पुसली जाते.

लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही. चार पिल्लं एकत्र वाढवा. नर साधारण वर्षाच्या आत आवाज देऊ लागतो, बारीक किणकिणता, रातकिड्यासारखा पण गोड. मग जोडी ठेवून बाकीची वेगळी करा.

अंडी घातली. आता काय?

शक्य असेल तर काही करू नका, कारण या जातीचं वेगळेपण इथेच आहे. आई-बाप दोघं मिळून पिल्लं वाढवतात. मादी पानावर किंवा आडव्या डबीत दोन-तीन अंडी घालते. दोन आठवड्यांच्या आसपास टॅडपोल निघाले की बाप एकेकाला पाठीवर घेऊन ब्रोमेलियाडच्या बेचक्यातल्या चमचा-दोन चमचे पाण्यात सोडतो, प्रत्येकाला वेगळं घर. त्या पाण्यात खायला काही नसतं. म्हणून बाप ठराविक दिवसांनी मादीला साद घालत तिथवर आणतो आणि ती पिल्लाच्या पुढ्यात न फळलेलं अंडं घालते. टॅडपोल तिच्या अंगाला तोंड लावून थरथरतो, ती त्याची मागणी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुकीय तपासणीने दिसलं की बारापैकी अकरा कुटुंबांत नर-मादी एकमेकांशी एकनिष्ठ होते. उभयचरांत अशी एकनिष्ठता त्याआधी सिद्ध झालेली नव्हती.

ब्रोमेलियाड कमी असतील तर फोटोच्या जुन्या रिळांच्या डब्या किंवा तेवढ्याच आकाराच्या औषधाच्या डब्या काचेवर चिकटवा. दोन जवळजवळ आडव्या, तोंड किंचित वर, अंड्यांसाठी. तीन-चार उभ्या, १०-१५ मिली पाणी घातलेल्या, टॅडपोलसाठी.

आई-बाप अंडी वारंवार खराब करत असतील तरच बाहेर काढा. एका कपात एकच टॅडपोल, १०० मिली पाणी, बदामाच्या पानाचा तुकडा, आठवड्यातून दोनदा स्पिरुलिनाची टाचणीच्या डोक्याएवढी पूड. दोन एकत्र ठेवले तर एकच उरतो. पुढचे पाय फुटले की त्याच दिवशी कप तिरपा करून पाणी कमी करा. शेपूट असलेलं पिल्लू खोल पाण्यात बुडून मरतं, आणि लोक सर्वांत जास्त पिल्लं इथेच गमावतात. बाहेर आलेलं पिल्लू तांदळाच्या दाण्याहून फारसं मोठं नसतं. पहिले काही आठवडे त्याला फक्त स्प्रिंगटेल.

पुढचे पाय काडीसारखे, न वाकणारे आले तर ते पिल्लू जगत नाही. बहुतेक वेळा त्यामागे आईच्या आहारातली कमतरता असते, म्हणून आधी पावडरची तारीख बघा.

आजारी आहे हे कसं ओळखायचं?

पाठीमागच्या बाजूला कमरेच्या हाडांची दोन टोकं वर दिसू लागली तर बेडूक वाळतोय. भर दिवसा उघड्यावर, एकाच जागी, डोळे अर्धे मिटून बसणं वाईट. चिलट समोरून गेलं आणि बोटं फडफडली नाहीत तर आणखी वाईट. निरोगी इमिटेटर भक्ष्य दिसताच मागच्या पायाची बोटं टकटक नाचवतो.

अशा वेळी त्याला छोट्या प्लास्टिकच्या डबीत ओल्या टिश्यूपेपरवर वेगळं ठेवा. किती चिलटं दिली, किती उरली ते मोजा. ताजी विष्ठा ओल्या टिश्यूवर घेऊन उभयचरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून तपासून घ्या. इंटरनेटवर वाचून औषधाचा डोस देऊ नका, एक ग्रॅमही वजन नसलेल्या प्राण्याला थेंबाची चूक जिवावर बेतते. नवा बेडूकही आधी दोन महिने असाच वेगळा ठेवा.

झेपलं नाही तर सिंहगडाच्या पायथ्याला सोडून दिला तर?

कधीही नाही. तो उन्हाळ्यात मरेल, पण त्याआधी त्याच्या अंगावरची बुरशी आपल्या ओढ्यात जाऊ शकते. कायट्रिड नावाच्या या बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत. सह्याद्रीतले कित्येक बेडूक इतर कुठेच सापडत नाहीत. पुण्यातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये वर्णन केलेला बहुविस्तारा बेडूक आपल्या आसपासच्याच पाणथळ जागांतला आहे.

पेटीतून काढलेलं पाणीही गटारात किंवा झाडांना तसंच ओतू नका. नऊ भाग पाण्याला एक भाग घरगुती ब्लीच, तासभर ठेवा, मग संडासात. काढलेली माती आणि पानं उकळून किंवा काळ्या पिशवीत कडक उन्हात आठवडाभर तापवून मग कचऱ्यात. बेडूक नकोच असेल तर नोंदणीसह दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

गणपतीला आठ दिवस गावी जायचंय. कसं करू?

मोठ्या, भरल्या अंगाच्या बेडकाला चार दिवस काही दिलं नाही तरी चालतं, पेटीत स्प्रिंगटेल असतील तर. आठ दिवसांसाठी बरणीचीच सोय करा: नुकतीच चिलटं निघायला लागलेली छोटी बरणी, झाकणाला टाचणीने पाच-सहा भोकं आणि एक मोठं, पेटीत आडवी ठेवा. रोज थोडी थोडी बाहेर येत राहतात. या चिलटांना पावडर लावलेली नसते, पण आठवड्याने फरक पडत नाही.

फवाऱ्याची टाकी काठोकाठ भरा, टायमर आधी तीन दिवस चालवून बघा, निघायच्या दिवशी नवी सेटिंग करू नका. लहान पिल्लं असतील तर मात्र रोज कोणीतरी यायलाच हवं. शेजारच्या काकूंना किल्ली देताना दिवसागणिक डब्या भरून ठेवा, त्यावर वार लिहा, आणि आल्यावर पेटीच्या खोलीत उदबत्ती लावू नका एवढं सांगायला विसरू नका.